‘बॅट’चा ‘बटाटा’ का होतो? मुलांना अल्फाब्लॉक्स दाखवताना या चुका टाळा

पुस्तकात बॅटचं चित्र, खाली तीन अक्षरं: बी, ए, टी. आमचे चिरंजीव, वय वर्षं साडेचार, ठसक्यात म्हणाले, "बॅट!" आजी खूश. मी चित्रावर अंगठा ठेवला आणि म्हटलं, "आता वाच." पठ्ठ्याने एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "ब... ॲ... ट..." जरा थांबला, विचार केला आणि म्हणाला, "बटाटा!"

हसू आवरेना, पण पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या हातात जे आवाज होते ते जोडले तर बटाट्याच्याच जवळ जातात. ते आवाज आम्ही दिले होते, आणि तेही सहा महिने रोज अल्फाब्लॉक्स बघून झाल्यावर.

ज्यांच्या घरात ही मंडळी अजून शिरलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्फाब्लॉक्स ही ब्रिटिश ॲनिमेशन मालिका, बीबीसीच्या सीबीबीज या छोट्यांच्या वाहिनीवर जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेली. लंडनच्या ब्लू-झू स्टुडिओचं काम. (२०१७ मध्ये आलेली नंबरब्लॉक्स ही हिचीच धाकटी बहीण.) इंग्रजीची २६ अक्षरं म्हणजे २६ ठोकळे, आणि प्रत्येकाचा स्वभाव हाच त्याचा आवाज. एच्या डोक्यावर सफरचंद आदळतं की "ॲ!", एम सारखा खात असतो म्हणून "म्म्म", एनचं प्रत्येक गोष्टीला "न्न्न" करत नाहीच, झेड कायम झोपेत. ठोकळ्यांनी एकमेकांचे हात धरले की आवाज मिसळतात, शब्द तयार होतो आणि ती वस्तू समोर हजर होते. इंग्लंडमधल्या शाळांत वाचन शिकवायची जी फोनिक्स पद्धत आहे, तिच्यावरच हे सगळं बेतलेलं आहे. अक्षराचं नाव नंतर, आवाज आधी.

मालिका चोख आहे. घोळ होतो तो टीव्ही बंद केल्यावर, आपल्या तोंडून.

व्यंजनाला ‘अ’ चिकटवणं

मराठी घरातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती आपल्याला ऐकूही येत नाही. लहानपणापासून आपण ‘क, ख, ग’ म्हणतो, ‘क्, ख्, ग्’ नाही. आपल्या लिपीत व्यंजनाच्या पोटात ‘अ’ असतोच. म्हणून बीचा आवाज सांग म्हटलं की आपण बिनधास्त ‘ब’ म्हणतो, टीचा ‘ट’. मालिकेतला ठोकळा म्हणतो ‘ट्’, आणि आपण सोफ्यावरून दुरुस्ती केल्यासारखं म्हणतो, "हां, ट!" मूल कुणाचं ऐकणार? आईचं.

गंमत म्हणजे यावरचा उपाय इंग्रजी आईबापांकडे नाही, आपल्याकडे आहे. अक्षराचा पाय मोडायचा. मी घरी सरळ ‘पायमोड्या ब’ असंच नाव पाडलं. आपलं मूल अजून लिहीत नसलं तरी चालतं, तोंडाने दाखवा: ओठ मिटले, उघडले, पुढे काही नाही. प्, ट्, क् हे तर कुजबुजल्यासारखे म्हणायचे. गळ्यावर हात ठेवून थरथर लागली तर ‘अ’ शिरला समजा. ब्, ड्, ग् म्हणताना पुसटसा ‘अ’ येतोच, त्याचं फार मनावर घेऊ नका, फक्त लांबवू नका.

आवाज येतात, पण जुळत नाहीत?

पाय मोडूनही काही मुलं अडतात. तीन आवाज नीट म्हणतात आणि मग आपल्याकडे बघत बसतात. इथे बहुतेक वेळा शब्दाची निवड चुकलेली असते. ब्, प्, ट्, क् हे आवाज ताणता येत नाहीत, फटाक्यासारखे फुटतात आणि संपतात. पुढच्या आवाजाला ते जोडायचं तर दोन तुकड्यांच्या मधे फट राहते. म्हणून सुरुवात बॅट-कॅटने करू नका. स्, म्, न्, फ्, ल्, र् यांनी सुरू होणारे शब्द घ्या: सॅट, मॅन, फॅन, नॅप, रन. ‘म्म्म्म्ॲॲॲन्न्’ असं श्वास न तोडता गाडी घरंगळत न्यायची, मग तेच भरभर. आमच्याकडे जिन्यावरून उतरताना हा खेळ चालतो; प्रत्येक पायरीवर आवाज थोडा पुढे सरकतो आणि तळमजल्यावर शब्द.

नाव आणि आवाज एकाच ताटात वाढणं

सकाळी ठोकळे म्हणतात ‘क्’, दुपारी भिंतीवरचा तक्ता म्हणतो ‘सी फॉर कॅट’, संध्याकाळी आजोबा विचारतात, "कॅटचं स्पेलिंग सांग बघू?" सी-ए-टी हे कितीही भरभर म्हणून बघा, त्यातून ‘सीएटी’च निघतं, मांजर काही निघत नाही. मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच, त्यामुळे इंग्रजीत ही दोन वेगळी खाती आहेत हे आपल्याला सांगावं लागतं, मुलाला नाही. स्पेलिंग पाठ करायचं वय पुढे येणारच आहे. सध्या घरात सगळ्यांनी एकच बोलायचं ठरवा. आजोबांना पटवायला आम्हाला तीन आठवडे लागले. शेवटी त्यांना एक भाग शेजारी बसवून दाखवला तेव्हा जमलं.

त्या तक्त्यांवर बहुतेक मोठी लिपीच असते, हेही बघा. पुस्तकाच्या पानावर मात्र जवळपास सगळा मजकूर छोट्या लिपीत.

पुढचा भाग आपोआप लागू देणं

मालिका पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली आहे. आधी एकेक आवाज आणि तीन आवाजांचे शब्द, मग ‘च्’, ‘श्’ असे दोन अक्षरांनी मिळून केलेले आवाज, पुढे जोडव्यंजनं, आणि त्यानंतर दीर्घ स्वर, म्हणजे शेवटी मुका ई आला की ‘टॅप’चा ‘टेप’ कसा होतो ते. मोबाइलवर आपोआप पुढचा भाग लागतो तेव्हा ही पायरी कोण बघतं? पोरगं ‘मॅन’वर अडलेलं असतं आणि समोर जादूचा ई नाचत असतो. भाग काही मिनिटांचेच आहेत. आपोआप चालणं बंद करा आणि एकच भाग दोन-तीन दिवस दाखवा. मुलांना तेच ते बघायला आवडतं. कंटाळा आपल्याला येतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको, कमी असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. एवढ्यासाठी तर तासही लागत नाही.

पडदा थांबवायची जागा मात्र अचूक हवी. ठोकळ्यांनी हात धरले, तिन्ही आवाज झाले, आणि वस्तू प्रकट व्हायच्या आधी: तिथे थांबवा. दोन-तीन सेकंद गप्प बसा. शब्द मुलाच्या तोंडून आला की मग पुढे. हे केलं नाही तर जोडणी कायम टीव्ही करतो आणि मूल फक्त निकाल ऐकतं.

चित्र बघून सांगितलं म्हणजे वाचता आलं, असं समजणं

अंगठ्याचा प्रयोग वर सांगितलाच. त्याहून पक्की कसोटी इंग्लंडच्या शाळांत आहे. तिथे २०१२ पासून पहिल्या इयत्तेतल्या मुलांची फोनिक्स तपासणी होते. ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० चक्क बनावट. बनावट शब्दाशेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळतं की हे त्याचं नाव आहे. पाठांतर इथे उघडं पडतं. घरी चिठ्ठ्यांवर ‘टिब’, ‘नॅस’, ‘मिप’ असले शब्द इंग्रजीत लिहा आणि राक्षसांची नावं म्हणून वाचायला द्या. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ असे आडमुठे शब्द मात्र फोडत बसू नका, ते तसेच ओळखू द्या.

उच्चारांची धास्ती, आणि "आधी इंग्रजी पक्कं होऊ दे"

ठोकळ्यांचे उच्चार ब्रिटिश आहेत. तिथला सुरुवातीचा ‘प्’ हवा सोडत येतो, म्हणून आपल्या कानाला ‘पिन’ कधी ‘फिन’सारखा लागतो. मुलाने तसं म्हटलं तर रागवू नका, त्याचा कान तिखट आहे. स्वरांच्या बाबतीत तर आपण नशीबवान: मराठीत ॲ आणि ऑ वेगळे लिहायची सोय आहे. कॅपमधला ॲ आणि कपमधला अ आपल्या मुलांना वेगळे ऐकू येतात.

अक्षरओळख मराठीतही चालू ठेवा. बाराखडीने गोंधळ होतो असं मला दिसलं नाही. एकच गोष्ट सांगून ठेवावी लागते: ‘पि’ची वेलांटी लिहिताना आधी येते आणि बोलताना नंतर, इंग्रजीत मात्र जसं लिहिलंय त्याच रांगेत आवाज. मुलांना याचं फार काही वाटत नाही. चिरंजीवांनी विचारलं होतं, "वेलांटीला घाई असते का?"

परवा आजी मटार सोलत बसल्या होत्या. हा पुस्तक घेऊन आला. चित्र नसलेलं पान होतं. बोट ठेवून, पाय मोडून, व्यवस्थित: "ब्... अ... स्... बस!"

आजी मान वर न करता म्हणाल्या, "बसलेच आहे रे बाबा, सकाळपासून."