जैसलमेरला जायलेत? मग आधी डॉक्टरकडं जाऊन या

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आपल्याकडून घोळकेच्या घोळके राजस्थानला निघतात, अन तब्येतीचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो आम्ही परभणीची माणसं, 43-44 डिग्रीत लग्नाच्या पंगती उठवतो, वाळवंट काय करणार आम्हाला!" खरंय, ऊन आपल्याला नवीन नाही. पण ट्रिपवर माणूस आडवा होतो तो जास्त करून पोटानं, त्याला परभणीचा असून उपयोग नाही.

लसीचं आधी बघू. राजस्थानसाठी कंपल्सरी अशी एकही लस नाही. तरी टायफॉइडची घ्या, अन निघायच्या किमान दोन आठवडे आधी, कारण टोचली की लगेच अंगात ताकद येत नसते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, तिचीही लस मिळते, पोराबाळांसाठी डॉक्टरला विचारून ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन 10 वर्षांत घेतलं नसेल तर उरकून टाका. महिनाभर आधी गेलात की सगळं निवांत होतं. उमराहला, म्हणजे मक्केच्या यात्रेला जाणाऱ्यांचं गणित वेगळं, तिथं मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार) लस लागतेच, किमान 10 दिवस आधी घेतलेली, सर्टिफिकेटसकट.

कुत्रं चावलं तर हळद-चुना काही लावत बसू नका. नळाखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, अन लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर सिरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन पण लागतं. ट्रिप अर्धी सोडायची गरज नाही, पहिला डोस तिथं घ्या, राहिलेले ठरलेल्या तारखांना गावाकडं आल्यावर घेता येतात, फक्त कागद जपून ठेवा.

आता पाणी. तिकडं हवा इतकी कोरडी की घाम आला तरी जागीच वाळतो, अंग चिकट होत नाही म्हणून तहान लागेपर्यंत कळतच नाही, तेव्हा लघवी पिवळीजर्द दिसली की समजायचं पाणी कमी पडलंय. बाटली सीलबंद घ्या. ओआरएसची पुडी घरूनच न्या, एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात ओतून पाजायची नाही. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, हे एफएसएसएआयला, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याला, 2025 मध्ये आदेश काढून कंपन्यांना सांगावं लागलं.

उन्हात कुणी बरळायला लागलं, अंग भाजतंय, तर ती लू, म्हणजे उष्माघात आहे. पॅरासिटामॉलनं तो ताप उतरत नसतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारत वारा घाला अन 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूतल्या टेंटमध्ये डिसेंबर-जानेवारीत राहणार असाल तर स्वेटर, कानटोपी न्याच, दुपारी हाफ शर्टात फिरणारा माणूस रात्री कुडकुडतो. सकाळी बूट झटकून घाला, विंचू तिकडंही आहेत. दमेवाल्यांनी पंप बॅगेत नाही, खिशात ठेवायचा. शुगरवाल्यांनी इन्सुलिन गाडीच्या डिकीत टाकू नये, अन बर्फाला चिकटवून पण ठेवू नये, गोठलं की वाया.

उंटावर बसताना एक लक्षात ठेवा, तो उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळं आपण तोंडावर जातो. खोगीर घट्ट धरून मागं रेलायचं. खाली बसतानाही तसंच, तेव्हा तो पुढचे गुडघे आधी टेकतो. गरोदर बाई अन कमरेचं दुखणं असलेल्यांनी खालूनच फोटो काढावेत.

अन परत आल्यावर महिनाभरात थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरला राजस्थानला जाऊन आल्याचं आपणहून सांगा. वाळवंटात कुठले डास, असं वाटतं, पण 1994 ला तिकडं मलेरियाची मोठी साथ येऊन गेलीय, रक्त तपासून घ्या.