माहेर लांब आणि बाळंतपण सांगलीत

मी मूळची अकोल्याची. सांगलीत येऊन अकरा वर्षं झाली. नवऱ्याला कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून आलो, दोन वर्षांत परत जाऊ म्हणत म्हणत दोन्ही पोरं इथंच झाली. आता आमच्या बिल्डिंगमध्ये दर वर्षी एखादी तरी नवी जोडी येतेच, कोणी लातूरचं, कोणी नांदेडचं, गेल्या साली तर गोंदियाचं, आणि ती पोरगी सातव्या-आठव्या महिन्यात मला जिन्यात गाठून विचारते, काकू इथं कसं करायचं हो सगळं? काकू म्हणलं की आधी राग येतो, मग सांगते. तेच लिहून ठेवतेय.

पहिलं म्हणजे आई येणार का सासू ते ठरवा आणि तिला तारखेच्या निदान तीन आठवडे आधी बोलवा. आमच्याकडून थेट म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस, अख्खी रात्र गाडीत आणि ऐनवेळी तिकीट मिळत नाही. माझ्या आईनं तारखेच्या दोन दिवस आधीचं तिकीट काढलं होतं आणि बाळ आलं बारा दिवस आधी. पहिले तीन दिवस मी, नवरा आणि खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू, बस. त्या काकूंशी तोवर माझं भाड्यापुरतंच बोलणं होतं, मी 'काहून' म्हणलं की त्या हसायच्या आणि त्यांनी 'जेवलासा का' विचारलं की मी हसायचे. पण तीन दिवस मऊ भात, मेथकूट आणि तुपाचा डबा त्यांच्याकडूनच आला. म्हणून सांगते, बेबी सेट, पाळणा, डायपरच्या आधी माणसं जुळवा. शेजारची एक बाई, आणि रात्री दोनला फोन उचलेल असा एक रिक्षावाला. त्याशिवाय १०८ ची ॲम्ब्युलन्स आहेच, आणि सरकारी दवाखान्यात जायचं-यायचं असेल तर १०२.

आणखी एक, जे भाडेकरूंना कोणी सांगत नाही. तुम्ही नव्यानं आला असाल तर इथल्या आशाताईंच्या यादीत तुमचं नावच नसतं. दवाखान्यात डिलिव्हरी झाली तरी नंतरच्या ४२ दिवसांत आशाताईंनी सहा वेळा घरी येऊन आई-बाळाला बघायचं असतं (तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस), पण त्यांना तुम्ही आहात हे कळलं तर ना. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन नाव घाला, माता-बाल कार्ड करून घ्या, तुम्ही खाजगीत दाखवत असला तरी. मातृवंदना योजनेचं पण तिथंच विचारा, पहिल्या बाळाला ५००० रुपये असतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००, अटीत बसत असाल तर.

आता न्हाऊ घालणारी मावशी. इथं अजून मिळतात, दवाखान्यातल्या आयांना नाहीतर गल्लीतल्या कुठल्याही आजीला विचारा. बाळंतिणीला तेल लावून अंग चोळून गरम पाण्यानं जी अंघोळ घालतात ना, ते सुख शब्दात सांगता येत नाही, नवव्या महिन्यापासून दुखणारी कंबर मला त्या दहा मिनिटांत हलकी वाटायची. सिझर असेल तर डॉक्टरांना विचारून, टाक्यांवर चोळणं नाही आणि पोट करकचून बांधणं नाही. पण मावशी बाळाला हातात घेते तेव्हा तुम्ही समोर बसायचं. माझ्या पहिल्याच्या वेळी आमच्या मावशीनं नाकात तेल सोडलं, टाळूवर वाटीभर थापलं आणि छाती दाबून दूध काढायला लागली, म्हणे नाहीतर गाठ होते. पोरगं किंचाळत होतं आणि मी नवी, परगावची, बोलू कशी म्हणून गप्प. चौथ्या दिवशी छाती लालभडक आणि ताप, मग डॉक्टरांची बोलणी मी खाल्ली. बाळाच्या छातीत पहिले काही दिवस दूध येणं नॉर्मल असतं, आईच्या हार्मोनमुळं, आपोआप जातं, हात लावायचा नाही. दुसऱ्या वेळी मी मावशीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मला काय करायचं ते करा, बाळाला नुसतं हलक्या हातानं तेल. रुसली नाही हो, पैसे तेवढेच मिळणार होते.

मुळात लांबून आलेल्या बाईची गोची अशी की तिच्या डोक्यावर तीन-तीन नियम बसतात. आई म्हणणार आपल्याकडं असं, इथल्या काकू म्हणणार आमच्यात तसं, मावशीचं तिसरंच. मी शेवटी एक रेघ मारली. माझ्या ताटातलं सगळ्यांचं ऐकायचं, बाळाच्या तोंडात, नाकात, डोळ्यात, बेंबीत जाणारं फक्त डॉक्टरचं. त्यामुळं डिंकाचे लाडू आईचे, अळिवाची खीर काकूंची, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी मावशीची, सगळं हाणलं. तासगावकडचे काळे बेदाणे रात्री भिजत घालून सकाळी पाण्यासकट खायचे, टाके असताना पहिल्यांदा संडासला जायची जी भीती असते तिच्यावर याचा उपयोग होतो (बाळंतिणीला पाणी कमी द्या म्हणणारीचं मात्र ऐकू नका, ढसाढसा प्या). लाडवांच्या नादात लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या विसरू नका, सहा महिने असतात त्या.

आणि बाळाला? पहिला चीक, मग अंगावरचं दूध, सहा महिने बास. घुटी नाही, मध नाही, पाणी नाही, उन्हाळ्यात सुद्धा नाही. काजळ नाही. सांगलीची हळद जगात जाते पण बाळाच्या नाळेवर जाऊ देऊ नका, नाळ कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यात गळून पडते. धुरी आणि शेगडीचं तर मी भांडून बंद केलं, बंद खोलीत निखारे म्हणजे बाळासकट सगळ्यांना धोका. पाचवीला सटवाईची पूजा मात्र हौसेनं केली, पाटी-पेन्सिल ठेवून, तिनं कोणाचं काय वाईट होतंय.

दूध पुरतंय का ही काळजी सगळ्यांनाच असते, येणारी प्रत्येक बाई विचारते आणि आपण रडवेले होतो. रात्र धरून आठ ते बारा वेळा पाजायचं, पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा-सात वेळा शू होत असेल तर पोट भरतंय. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यात भरून येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगड होते, गरम फडक्यानं शेकून हातानं थोडं काढून मग बाळाला लावा.

मिरज दवाखान्यांचंच गाव आहे, त्यामुळं डॉक्टरची कमी नाही, पण कधी पळायचं ते माहीत पाहिजे. बाळाला १००.४ च्या वर ताप, पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा, दूध ओढेना, उठवून उठेना, श्वास भराभर, तर सकाळची वाट बघू नका. आणि आपल्याला एका तासात पॅड पूर्ण भिजत असेल, घाण वास, ताप, एका पायाला सूज येऊन दुखणं, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यापुढं अंधारी, तर तेव्हाही. बाई स्वतःचं दुखणं दुसऱ्या दिवसावर ढकलते, मी पण ढकललं होतं.

रडू येतंच. मला पाचव्या दिवशी एसटी स्टँडवरून गाडीचा हॉर्न ऐकू आला म्हणून रडू आलं होतं. दोन आठवड्यांत ओसरतं ते. नाही ओसरलं, झोप बाळ झोपल्यावरही येत नाही, बाळाकडं बघावंसं वाटत नाही, मनात भलतंसलतं येतंय, तर ते नाटक नाही, आजार आहे, औषधानं बरा होतो. डॉक्टरला सांगा, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. नवरे लोकांनो, हा नंबर तुम्ही सेव्ह करा, तिला सुचणार नाही.

तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल आणि घर गावभागात किंवा नदीकडच्या बाजूला असेल तर आधीच विश्रामबागकडं कोणाची तरी खोली बघून ठेवा. इथं पावसाळ्यात सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते मोजत असतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. बाळंतिणीनं ४५ ची वाट बघायची नाही, ४० ची बातमी आली की फाईल, कार्ड, गोळ्या, दुपटी प्लास्टिकच्या पिशवीत आणि निघायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाला पुरात पाणी उकळत बसावं लागत नाही, तेवढं एक बरं.

कागदपत्रांचं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, दवाखाना कळवतो पण कळवलंय का ते तुम्ही विचारा. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, वर्षाच्या आत फुकट घालता येतं. फॉर्मवर आईचं नाव आधारसारखंच आहे ना ते डिस्चार्जच्या आधी बघा, आमचं एका काऊंटरवर आडनावात चुकलं आणि नवऱ्याच्या चार सुट्ट्या गेल्या.

दीड महिन्याला बाळाची लस असते, त्याच दिवशी स्वतःची पण तपासणी करून घ्या आणि पाळणा लांबवायचं विचारा, पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत असं नसतं, माझी एक मैत्रीण त्यात फसली. त्याच सुमाराला सव्वा महिना होतो आणि सगळे म्हणतात बाळाला गणपतीच्या देवळात नेऊन आणा. न्या, पण मंगळवार आणि संकष्टी सोडून, सकाळी सातच्या आत, आणि येताना भडंग घेतलं तर ते नवऱ्याला द्या, लई तिखट असतंय.