पोटातल्या बाळाच्या हृदयाचा एमआरआय सांगितलाय? जाण्याआधी हे वाचा

फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी झाली, डॉक्टरांना काहीतरी शंका आली आणि एमआरआय करून घ्या म्हणाले, की घरात पहिला प्रश्न हाच, बाळाला काही होणार नाही ना. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, चुंबक आणि रेडिओलहरींवर चालतं सगळं, आणि फोटो ठळक यावेत म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन गरोदरपणात शक्यतो टाळतातच कारण ते वारेतून बाळाकडे जातं.

पण आधी डॉक्टरांना विचारा, इकोमध्ये नेमकं काय कळलं नाही? माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. झडपा कशा हलतात, हृदयाला भोक आहे का, हे बघायला इकोच पुढे आहे, एमआरआय त्याची जागा घेत नाही. महाधमनी (हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद वाटतेय, मोठ्या रक्तवाहिन्या भलतीकडे जोडल्यात असं वाटतंय, किंवा बाळाभोवतीचं पाणी कमी असल्याने सोनोग्राफी धूसर येतेय, तिथे एमआरआयचा उपयोग होतो. अठराव्या-विसाव्या आठवड्यात हृदय फारच छोटं असतं म्हणून बहुतेक ठिकाणी तिसऱ्या तिमाहीतच बोलावतात, उशीर झाला म्हणून घाबरू नका.

आता हे अवघड का ते बघा. मोठ्या माणसाच्या छातीला ईसीजी लावून ठोक्यांच्या तालावर फोटो काढतात, पोटातल्या बाळाला ईसीजी कसा लावणार, त्यात ठोके मिनिटाला ११० ते १६० आणि वर बाळ लाथा मारतंय! म्हणून काही ठिकाणी आईच्या पोटावर डॉपलरचा (ध्वनिलहरींनी ठोके टिपणारा) सेन्सर बांधून ताल पकडतात, तर टोरंटोच्या संशोधकांनी आधी सगळा डेटा घेऊन ठोके नंतर कॉम्प्युटरवर जुळवायची युक्ती काढली. लंडनच्या टीमने २०१९ मध्ये हललेल्या बाळाचे बरेचसे सपाट फोटो दुरुस्त करून त्यातून रक्तवाहिन्यांचं थ्रीडी चित्र उभं केलं, हे मला तरी भारीच वाटतं.

आणखी एक गोष्ट, एमआरआयवरून रक्तात ऑक्सिजन किती आहे याचाही अंदाज घेता येतो, कारण ऑक्सिजन गेलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला वेगळा प्रतिसाद देतं. त्यावरूनच टोरंटोत २०१५ मध्ये दिसलं की हृदयदोष असलेल्या काही बाळांच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पोचतो आणि मेंदूचा आकारही थोडा लहान असतो. पण हे सगळीकडे मिळत नाही, बरंचसं अजून संशोधनातच आहे, त्यामुळे तुमच्या सेंटरवर फक्त रचना बघणार की रक्तप्रवाहही मोजणार, ते आधीच विचारून घ्या.

त्या दिवशी दागिने, पिना काढून ठेवा, शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा इम्प्लांट असेल तर आधीच सांगा. उताणं झोपून चक्कर आली तर लगेच बोला, डाव्या कुशीवर झोपवतात, कारण गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर पडतं. मशीन खूप आवाज करतं म्हणून कानाला हेडफोन देतात, आणि मधेमधे श्वास रोखायला सांगतील. बाळ फार हललं तर तेच फोटो परत काढावे लागतात, त्यामुळे तासभर लागू शकतो.

एमआरआयचा रिपोर्ट नुसता वाचू नका, इकोच्या रिपोर्टशेजारी ठेवून हृदयाच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. महाधमनी अरुंद असण्याची शंका असेल तर खरा निकाल जन्मानंतरच लागतो, पोटात असताना फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी जोडणारी डक्टस नावाची वाट बंद झाल्यावर, म्हणून डिलिव्हरी कुठे करायची आणि बाळाचा इको लगेच कोण करणार हे त्याच भेटीत ठरवून टाका.