दुरंगी चौकोनांचं दुपटं: आधी शिवा, मग कापा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येतात, दुपारी उन्हामुळे कुणी बाहेर पडत नाही, आणि घरात कुणाचं बाळंतपण जवळ आलेलं असलं की आमच्याकडे धुळ्यात शिवणाचं मशीन खिडकीखाली ओढलं जातं. बाळासाठी दुपटं शिवायचं असतं. दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून झालेल्या चौकोनांचं दुपटं फार देखणं दिसतं. इंग्रजीत अशा चौकोनाला हाफ स्क्वेअर ट्रँगल म्हणतात. मी त्याला दुरंगी चौकोन म्हणते. दिसायला सोपा, पण पहिल्यांदा शिवणाऱ्या बहुतेक जणी एकाच ठिकाणी चुकतात: आधी त्रिकोण कापतात आणि मग ते जोडायला घेतात.

माझी आजी त्रिकोणच कापायची आणि तिच्या गोधडीचं काही बिघडायचं नाही. कारण तिचं प्रत्येक ठिगळ कडा दुमडून खालच्या लुगड्यावर बसायचं. ठिगळ जरासं वाकडं गेलं तरी लुगडं ते सांभाळून घ्यायचं. दुरंगी चौकोनांत खाली काहीच नसतं. तुकड्याला तुकडा जोडूनच कापड तयार होतं, त्यामुळे प्रत्येक चूक पुढच्या तुकड्याकडे जाते. त्यात त्रिकोणाची लांब बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी असते. चौकोनी तुकडा कर्णावर धरून ओढून पाहा, रबरासारखा ताणला जातो. अशी तिरकी कड मशीनखाली गेली की लांबतेच. म्हणून ती कड कापायच्या आधीच शिलाईने बांधून टाकायची.

आता हिशेब. शिवून झालेला ४ इंचाचा एक चौकोन धरू. आडवे ८ आणि उभे १० असे ८० चौकोन लावले, की ३२ बाय ४० इंचाचं दुपटं होतं. कापडाचे दोन चौकोन एकत्र शिवले की दोन दुरंगी चौकोन मिळतात, म्हणजे ४० फिके आणि ४० गडद चौकोन लागतील. ते किती मोठे कापायचे? शिंपी आणि सुतार इंचाचे ८ सूत मानतात, तेच माप इथे कामाला येतं. तयार मापात ७ सूत मिळवायचे: चारही कडांच्या शिलाईसाठी ४ सूत, आणि कर्णावरच्या शिलाईत जवळजवळ ३ सूत जातात. म्हणजे ४ इंच ७ सूत. मी मात्र सरळ ५ इंचच कापते आणि शिवल्यावर जास्तीचं छाटते. त्या एका सुतापायी थोडं कापड जातं, पण उसवण्याचा त्रास वाचतो.

कापड सुतीच हवं. हळदीकुंकवाचे, ओटीचे ब्लाऊजपीस प्रत्येकीच्या कपाटात असतात. त्यातलं टू बाय टू नावाचं सुती कापड उत्तम. शंका आली तर एक धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं आणि त्याची टणक गोळी राहते. ३६ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, एक मीटर कापडातून काठ सोडून ५ इंचाचे ४२ चौकोन निघतात, म्हणजे एक मीटर फिकं आणि एक मीटर गडद पुरतं.

दोन्ही कापडं आधी धुवून घ्या, आटायचं ते आत्ताच आटू दे. गडद कापड अर्धा तास पाण्यात ठेवून ओलं असतानाच पांढऱ्या रुमालात दाबा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळाच्या कामाचं नाही. धुतल्यावर तांदळाच्या पेजेची पातळ खळ घालून वाळवा आणि इस्त्री करा. ही पायरी टाळू नका. खळ घातलेलं कापड कागदासारखं उभं राहतं, रेघ नीट उमटते आणि तिरकी बाजूही फारशी ताणत नाही.

चौकोन कापताना कापडाची कड सरळ आहे असं गृहीत धरू नका. एक आडवा धागा हलकेच ओढून काढा. तिथे जी बारीक फट दिसते, ती खरी सरळ रेघ. साच्यासाठी जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा ५ इंचाचा चौकोन कापून ठेवा. पुठ्ठ्याचे कोपरे पाच-दहा वेळा आखल्यावर झिजतात, फिल्म टिकते. साडेचार इंचाचा दुसरा साचाही आत्ताच करा आणि त्यावर स्केचपेनने कर्णरेघ काढा. पुढे छाटायला तो लागेल.

मशीनला ११ नंबरची सुई लावा आणि इंचाला साधारण १२ टाके पडतील असा टाका ठेवा. मग चिंधीवर पाव इंचाची, म्हणजे २ सुतांची शिलाई तपासा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिलाई जाड जाते आहे. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या फुटाच्या कडेवर विसंबू नका, प्रत्येक मशीनचं अंतर वेगळं असतं. सुईपासून २ सूत मोजून मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टी लावा. भाचीसाठी शिवलेल्या पहिल्या दुपट्यात मी हे तपासलं नव्हतं. कडेला शिलाई फक्त अर्धा सूत जास्त जात होती, म्हणजे प्रत्येक जोडाला एक सूत. दहा चौकोनांच्या रांगेत नऊ जोड असतात, त्यामुळे रांग नऊ सूत, म्हणजे एक इंच एक सूत आखूड झाली. मी सगळ्या रांगा उसवल्या.

आता खरं काम. एक फिका आणि एक गडद चौकोन सुलट बाजू समोरासमोर येतील असे ठेवा. वर आलेल्या फिक्याच्या उलट बाजूवर टोकदार पेन्सिलने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. रेघेपासून लांब दोन टाचण्या लावा. रेघेवर शिवायचं नाही. तिच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर एकेक शिलाई घालायची. इथे चिकटपट्टीचा उपयोग नाही, कारण कापड सुईच्या दोन्हीकडे असतं. सुरुवातीला शिलाईच्या दोन्ही रेघाही पेन्सिलने आखून घ्या. एक जोडी संपली की दोरा न तोडता लगेच दुसरी सरकवा. चाळीसही जोड्यांची एक बाजू अशी माळेसारखी शिवून झाली, की माळ फिरवून दुसरी बाजू शिवा. दोराही वाचतो आणि हाताला लयही लागते.

मग माळ सुटी करून प्रत्येक जोडी मधल्या पेन्सिलच्या रेघेवर कापा. दोन दुरंगी चौकोन हातात येतात. उघडण्याआधी शिलाईवर गरम इस्त्री ठेवून उचला. मग उघडून शिलाईची कड गडद कापडाकडे वळवा आणि पुन्हा दाबा. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. फिरवली की चौकोनाचा पतंग होतो.

गार झाल्यावर साडेचार इंचाचा साचा वर ठेवा. साच्यावरची कर्णरेघ शिलाईवर तंतोतंत बसवा आणि चारही बाजूंनी बाहेर आलेलं छाटा. कोपऱ्यांवरचे दोन छोटे कान इथेच निघून जातात. हे काम कंटाळवाणं आहे, पण दुपट्याची सगळी सफाई यातूनच येते.

जोडण्याआधी ८० चौकोन जमिनीवर मांडून पाहा, पंखा बंद ठेवून. चार चौकोन गोल फिरवले की भिंगरी होते, गडद टोकं आत घेतली की मध्ये शंकरपाळीसारखा चौकोन येतो, सगळे एकाच दिशेने लावले तर तिरके पट्टे दिसतात. मांडणी ठरली की आडव्या रांगा शिवा. पहिल्या रांगेतल्या जोडांची कड उजवीकडे दाबा, दुसरीची डावीकडे. मग रांगा एकमेकींना लावताना उलट दिशेच्या कडा बोटाला अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात. जिथे दोन शिलाया फुलीसारख्या छेदतात, तिथून सुई गेली तर त्रिकोणाचं टोक तुटत नाही.

खाली धुतलेल्या मऊ सुती साडीचे दोन थर अंथरा, त्यावर हा जोडलेला पदर उलगडा आणि मधून कडेकडे मोठे कच्चे टाके घाला. मग आपला नेहमीचा धावदोरा. गाठी थरांच्या आत लपवा. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा, कारण हे बाळाच्या अंगाखाली जाणार आहे. कडा शिवून झाल्या की दुपटं कोमट पाण्यात धुवा, म्हणजे खळ निघून जाते आणि कापड पुन्हा मऊ होतं. वैशाखाच्या आमच्या उन्हात ते गच्चीवर बघता बघता खडखडीत वाळतं.