होमस्कूलिंगवाल्यांनो, मुलांना घेऊन दिवसभर बाहेर पडताय? या चुका टाळा

होमस्कूलिंग करणाऱ्यांकडे, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्यांकडे, एक गोष्ट असते जी शाळेच्या सहलीकडे कधीच नसते, वेळ. ठरलेल्या वेळेला बस सुटणार नसते, सारखी डोकी मोजायची नसतात, आज नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात परत जाता येतं. आणि तरीही बरेच आईबाबा निघताना शाळाच पाठीवर घेऊन निघतात, वर्कशीट काय, वेळापत्रक काय, "आज हे हे कव्हर करायचंय" अशी लांबलचक यादी काय, आणि मग दुपारी एक पोर रडतंय, एक रुसलंय आणि मोठी माणसं एकमेकांवर खेकसतायत. खाली लिहिलेल्या निम्म्या चुका या एकाच सवयीतून येतात, बाकीच्या तयारीच्या आहेत आणि त्या सुधारायला फार काही लागत नाही.

आत शिरल्या शिरल्या वर्कशीट काढणं

नवीन जागा असली की मुलाचं डोकं आधी त्या जागेतच गुंतलेलं असतं, छत किती उंच आहे, आवाज घुमतो का, तो जिना कुठे जातो, टॉयलेट कुठंय, आणि आपण हरवलो तर. फॉक, मार्टिन आणि बॉलिंग या संशोधकांनी १९७८ मध्ये याच्यावर अभ्यास केला होता, निसर्गसहलीला नेलेल्या मुलांपैकी ज्यांना तसा परिसर अगदी नवखा होता त्यांच्या डोक्यात ठरवलेला धडा कमी शिरला, ज्यांना त्याची सवय होती त्यांच्या जास्त. नवखी मुलं काहीच शिकत नव्हती असं नाही हं, ती ती जागा शिकत होती.

त्यामुळे पहिला अर्धा तास काहीही शिकवू नका. नुसतं फिरू द्या, लिफ्ट बघू द्या, फरशीवरच्या डिझाइनवर पाय टाकत चालू द्या. आणि आदल्या दिवशी घरीच जागेचा नकाशा किंवा फोटो दाखवून ठेवा, खायला कुठे बसणार, किती वाजता निघणार, शेवटी दुकानात जायचं की नाही आणि तिथे काही घ्यायचं की नुसतं बघायचं, हे सगळं आधीच सांगा. दुकानाचं ठरलेलं नसेल ना, तर मूल दिवसभर डायनासोरच्या सांगाड्यासमोर उभं राहून सुद्धा दुकानाचाच विचार करत असतं.

वर्कशीट न्यायचंच असेल तर एक प्रश्न न्या. एकच. "इथली सगळ्यात विचित्र वस्तू कोणती आणि का" असला, ज्याचं उत्तर पाटीवर छापलेलं नसतं. पाटीवर छापलेलं उत्तर विचारलं की मूल वस्तूकडे बघतच नाही, पाटी वाचून उतरवून मोकळं होतं.

एका दिवसात आख्खं म्युझियम

तिकीट काढलंय म्हणून शेवटच्या दालनापर्यंत फरफटत न्यायचं. बेंजामिन आइव्हज गिलमन नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ मध्येच म्युझियममधल्या थकव्यावर लेख लिहिला होता, त्याने एका माणसाला काचेच्या कपाटातल्या वस्तू बघायला लावून फोटो काढले आणि दाखवलं की नीट बघायचं तर माणसाला किती वाकावं लागतं, मान वळवावी लागते, गुडघे मोडून बसावं लागतं. म्हणजे थकवा नुसता डोक्याचा नाही, शरीराचाही. आणि तो मोठा माणूस होता! कपाटं मोठ्यांच्या उंचीने लावलेली असतात, छोट्याला वरच्या फळीवरचं दिसायला टाचा उंच कराव्या लागतात आणि बऱ्याचदा काचेवर दिव्याची चमक बरोब्बर त्याच्या डोळ्यासमोर येते. एकदा तुम्हीच त्याच्या उंचीला वाकून बघा, काही ठिकाणी खरंच काही दिसत नाही.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. मूल जमिनीवर बसतं, कपाटांसमोरून न थांबता चालत सुटतं, भावंडाला ढकलतं, आणि सारखं तहान लागली म्हणतं. हे वागणं वाईट नाहीये, हा थकवा आहे, मोठ्यांचंही साधारण अर्ध्या तासानंतर लक्ष उडायला लागतं आणि तेही नुसते पाट्यांवरून नजर फिरवत चालतात. दोन दालनं निवडा, मधे बाहेर मोकळ्या हवेत पळू द्या, मग वाटलं तर तिसरं. जागा जवळची असेल तर वर्षाचा पास मिळतो का विचारा, पास हातात असला की "पैसे वसूल" ही भावना आपोआप कमी होते, तासाभरात बाहेर पडलात तरी चुटपुट लागत नाही.

चुकीची वेळ

कामाच्या दिवशी जायचं म्हणजे शांतता असेल असं वाटतं, पण शाळांच्या सहली कामाच्या दिवशीच येतात आणि बहुतेक वेळा सकाळीच येतात. दुपारी मुलांना परत पोचवायचं असल्यामुळे जेवणानंतर जागा रिकामी व्हायला लागते. तुम्हाला घंटा पाळायची नाहीये तर दुपारीच जा ना. उघडायच्या वेळेला जायचंच असेल तर सगळ्यात आतल्या किंवा वरच्या मजल्यावरून सुरुवात करून उलटं या, गट सहसा दारापासून सुरू करतात.

आणि बंदचा वार बघा हो. जगभरात बरीच म्युझियम सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी असतं, म्हणजे गृहीत धरण्यात अर्थ नाही. शेवटची एंट्री बंद व्हायच्या आधीच थांबवतात तेही बघून ठेवा. शैक्षणिक सवलत मिळेल म्हणून थेट काउंटरवर जाऊन वाद घालू नका, ती सवलत बऱ्याचदा ठरावीक संख्येच्या गटाला आणि आधी बुकिंग केलं तरच असते, दोन-तीन कुटुंबं मिळून आधी फोन करा. काही ठिकाणी होमस्कूलिंगच्या मुलांसाठी वेगळी सत्रंही ठेवतात, पण ती दारावर लिहिलेली असतीलच असं नाही, विचारावं लागतं.

काउंटरवरून अजून एक आठवलं. "आज शाळा नाही का?" हा प्रश्न येणारच आणि तो मुलालाच विचारला जाणार. मग आईबाबा मधे पडून पाच मिनिटं भाषण देतात आणि मूल मागे उभं राहून ओशाळतं. "मी घरीच शिकतो, आज मासे बघायला आलोय" एवढं वाक्य मुलाला सांगून ठेवा, विषय संपतो. त्यापुढे समोरच्याने सातचा पाढा विचारला तर हसून पुढे निघायचं, परीक्षा द्यायला आलेलो नाही आपण.

गाडीतला वेळ "वाया जाऊ नये" म्हणून पुस्तक देणं

दोन तासांचा प्रवास आहे, तेवढ्यात गणिताची चार पानं होतील. होत नाहीत, उलटी होते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, वळतोय, आणि पानावर खिळलेले डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, हा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. मोबाइल, टॅबलेट दिला तरी तेच. त्यापेक्षा समोरच्या काचेतून लांब बघता येईल अशी जागा द्या, खिडकी थोडी उघडा, निघायच्या आधी पोट तुडुंब भरू नका आणि अगदी रिकामंही ठेवू नका. ऐकायच्या गोष्टी लावा, नाहीतर काहीच लावू नका, कंटाळलेल्या मुलाचे खिडकीबाहेर बघून सुचलेले प्रश्न त्या चार पानांपेक्षा भारी असतात.

समुद्रकिनाऱ्यावर घड्याळ बघून जाणं

खडकांतल्या डबक्यांमधले खेकडे, शंख, अॅनिमोन (खडकाला चिकटलेले फुलासारखे दिसणारे प्राणी) दाखवायचे म्हणून उत्साहाने दहाला पोचायचं आणि खडक पाण्याखाली! हे फार होतं. किनाऱ्यावर आपलं घड्याळ चालत नाही, चंद्राचं चालतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, गेल्या आठवड्यात सकाळी ओहोटी होती म्हणून आजही सकाळीच असेल असं नाही. त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि पूर्ण ओहोटीच्या तास-दोन तास आधी पोचा, म्हणजे पाणी मागे हटत असताना तुम्ही त्याच्या मागे मागे जाता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब हटतं, एरवी न दिसणारे खडक तेव्हाच उघडे पडतात, पण परतताना ते चढतंही जोरात, त्यामुळे पूर्ण ओहोटीची वेळ झाली की एका मोठ्या माणसाने फक्त पाण्यावर लक्ष ठेवायचं, डबक्यात बघायचं नाही. समुद्राकडे पाठ करून कोणीच उभं राहायचं नाही. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायला लावा, त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात.

(आणि हो, हे वेळापत्रक वाचणं हाच त्या दिवसाचा भूगोल आणि गणित आहे, वेगळा धडा शोधू नका.)

"बायनॉक्युलरमधून काहीच दिसत नाही"

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण महागाची वस्तू आणून मुलं दहा मिनिटांत ती गळ्यात लटकवून विसरतात आणि दोष मुलांना दिला जातो.

दोन वेगवेगळे गोल दिसत असतील तर मधला सांधा दुमडून दोन्ही नळ्या जवळ आणा. तरी दोनच दिसत असतील तर मुलाच्या डोळ्यांमधलं अंतर त्या बायनॉक्युलरला कमी पडतंय, मोठ्यांच्या काही बायनॉक्युलर तेवढ्या मिटतच नाहीत, छोटी घ्यावी लागेल. कडेने काळं काळं येत असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप बघा, चष्मा असेल तर ते खाली दुमडायचे, नसेल तर वर ठेवायचे. एका डोळ्याला स्पष्ट आणि दुसऱ्याला अंधुक दिसत असेल तर बहुतेक उजव्या बाजूला एक वेगळी फिरती रिंग असते, आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचा फोकस करा, मग डावा मिटून त्या रिंगने उजव्याचा. चित्र थरथरत असेल तर कोपरं कठड्यावर नाहीतर गुडघ्यांवर टेकवायला सांगा. घेताना ८×२१ किंवा ८×४२ असे आकडे दिसतात, पहिला किती पट मोठं दिसतं तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, पहिला आकडा जेवढा मोठा तेवढी थरथर जास्त, म्हणून मुलांसाठी सहा ते आठ पट पुष्कळ.

पक्षी सापडत नाही म्हणणारी मुलं आधी बायनॉक्युलर लावतात आणि मग त्यातून आभाळभर शोधत बसतात. उलटं करायचं, नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर खिळवायची, नजर न हलवता बायनॉक्युलर डोळ्यांपाशी आणायची. घरून निघायच्या आधी समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायचा सराव करून घ्या. आणि सूर्याकडे कधीही नाही, एक सेकंदही नाही, हे निघताना एकदा आणि तिथे पोचल्यावर परत एकदा सांगा.

माझं मत विचाराल तर पाच-सहा वर्षांच्या मुलाला बायनॉक्युलर देऊच नये, दहा पटीचं छोटं भिंग द्यावं. त्यातही एक गंमत आहे, मुलं ते हात लांब करून पानाजवळ धरतात आणि धूसर दिसतं म्हणून सोडून देतात. छोटं जास्त ताकदीचं भिंग डोळ्याला अगदी लगटून धरायचं, तो हात गालाला टेकवायचा आणि पान हळूहळू जवळ आणायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर आलं की मुंगीच्या पायावरचे केससुद्धा दिसतात. वाचायचं मोठं भिंग वेगळं, ते वस्तूजवळच धरतात, म्हणूनच हा गोंधळ होतो.

सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच फिरणं

तीन वर्षांचं आणि अकरा वर्षांचं पोर एका वेगाने चालत नाही. मग अकरा वर्षांची ताई प्रत्येक कपाटासमोरून ओढून नेली जाते, नाहीतर धाकट्याला सांभाळायचं काम तिच्यावर येतं, आणि आईबाबा म्हणतात हिला आता सहलींमध्ये इंटरेस्टच नाही. तिला बघायला वेळच मिळाला नाहीये! दोन मोठी माणसं असतील तर तासभर मुलं वाटून घेऊन वेगवेगळे फिरा. एकच मोठं माणूस असेल तर पाळी लावा, आधी छोट्याचं, तो गाडीत किंवा बाबागाडीत झोपला की मोठीचं, किंवा दुसऱ्या होमस्कूलिंगवाल्या घरासोबत जाऊन मुलं वयाप्रमाणे वाटून घ्या.

परतताना "मग, काय शिकलास?"

या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असंच येतं, जगात कुठेही विचारून बघा. शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंचा भर मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगण्यावर होता, प्रश्नोत्तरांवर नाही, आणि सहलीला तो बरोब्बर लागू पडतो. पण लगेच गाडीत नको, तेव्हा सगळी दमलेली असतात. दुसऱ्या दिवशी जो सोबत आला नव्हता त्याला सांगू द्या, आजीला फोन लावून द्या. मधे तारखा दुरुस्त करू नका, तो म्युझियममधल्या इजिप्तच्या ममीला राक्षस म्हणाला तर म्हणू द्या, नंतर कधीतरी बोलता येईल.

जिथे सरकारी खात्याला शिक्षणाची नोंद दाखवावी लागते तिथे नोंद ठेवाच, नियम देशागणिक वेगळे आहेत, पण ती मुलाकडून निबंध लिहून घेऊन ठेवू नका. रात्री तुम्हीच तारीख, जागा, काय बघितलं आणि मुलाने विचारलेला एखादा प्रश्न एवढं लिहा, सोबत दोन फोटो. पुढच्या सहलीआधी "हे लिहावं लागणार" ही धास्ती मुलाला नसली की ते जास्त बघतं.

बिघडलेला दिवस ओढत राहणं

एखादा दिवस फसतोच. पाऊस येतो, दात दुखतो, ज्याच्यासाठी गेलो ते दालन दुरुस्तीसाठी बंद असतं. तेव्हा आधी खायला-प्यायला द्या, मग टॉयलेट, मग वीस मिनिटं सावलीत बसा. एवढ्याने गाडी रुळावर आली तर ठीक, नाहीतर सरळ घरी. तिकिटाचे पैसे थांबलात तरी गेले आणि निघालात तरी गेलेच. फक्त बाहेर पडायच्या आधी दारावर विचारून घ्या, काही ठिकाणी हातावर शिक्का मारून देतात आणि त्याच तिकिटावर त्या दिवशी परत आत येता येतं, जवळच्या बागेत तासभर धावून आलेलं मूल कधीकधी स्वतःच म्हणतं, तो मोठा मासा परत बघू या का.