‘पुरवणे’ आणि ‘सज्ज करणे’ यांसाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

मराठीत आपण पाणी पुरवतो, माहिती पुरवतो आणि मुलांचे हट्टही पुरवतो. इंग्रजीत लिहिताना हे एकच क्रियापद इक्विप, फर्निश, सप्लाय, प्रोव्हाइड आणि फिट आउट अशा अनेक शब्दांत विभागले जाते, आणि शब्दकोशात हे सगळे शेजारी शेजारी दिसत असल्यामुळे त्यांतला कोणताही चालेल असा समज होतो. निवड करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: वस्तू दिल्यानंतर नेमके काय घडले? कोणी एखादे काम करण्यास समर्थ झाले, एखादी जागा वापरण्याजोगी झाली, की कमी पडत होते ते भरून निघाले?

एका जहाजाचे उदाहरण घेऊ. जहाजाचे बाह्य कवच बांधून पाण्यात सोडले, की त्यात नळ, विजेच्या तारा, यंत्रे आणि खोल्यांची मांडणी बसवण्याचे काम सुरू होते. हे फिट आउट. शिडाच्या जहाजावर डोलकाठ्या, शिडे आणि दोर चढवणे म्हणजे रिग. कप्तानाच्या खोलीत पलंग, मेज आणि पडदे आले की ती खोली फर्निश झाली. खलाशांना जीवरक्षक जाकिटे आणि दिशादर्शक साधने दिली की ते इक्विप झाले, आणि बंदराबंदरांत इंधन व गोडे पाणी भरत राहणे हे सप्लाय. काम एकाच जहाजाचे असले, तरी यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवला तर वाक्य खटकते.

जहाजाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण इक्विप हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला असला, तरी त्याचे मूळ जहाजावर माणसे व सामान चढवून ते सिद्ध करणे या अर्थाच्या जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील प्राचीन भाषेतल्या शब्दाशी जोडले जाते. पुढे काहीतरी करायचे आहे, ही अपेक्षा या शब्दात आजही आहे. म्हणूनच प्रशिक्षणसुद्धा माणसाला इक्विप करते, फर्निश करत नाही. सप्लायच्या लॅटिन मुळात ‘भरून काढणे’ आहे, तर प्रोव्हाइडच्या मुळात ‘पुढचे पाहणे’ आहे. त्यामुळे ‘प्रोव्हाइड फॉर’ म्हटले की कुटुंबाच्या चरितार्थाची तजवीक करणे असा अर्थ होतो. ही मुळे एकदा लक्षात राहिली, की अर्थच्छटा पाठ कराव्या लागत नाहीत.

मराठी लेखकाची खरी अडचण अर्थापेक्षा वाक्यरचनेत होते. ‘कामगारांना हेल्मेट पुरवली’ या वाक्यात हेल्मेट हे कर्म आहे, आणि त्याच सवयीने आपण ‘इक्विप्ड हेल्मेट्स टू द वर्कर्स’ असे लिहून जातो. ते चूक आहे. इक्विपचे कर्म नेहमी ज्याला सज्ज केले ते असते, वस्तू नव्हे. म्हणून ‘इक्विप्ड द वर्कर्स विथ हेल्मेट्स’ असेच लिहावे. सप्लायला मात्र दोन्ही वाटा मोकळ्या आहेत: माणूस आधी आला तर ‘विथ’, वस्तू आधी आली तर ‘टू’. प्रोव्हाइडही असेच चालते. वस्तू आधी आल्यास तिथे ‘टू’ किंवा ‘फॉर’ येते. थोडक्यात, आपले ‘सज्ज करणे’ इक्विपसारखे वागते आणि ‘पुरवणे’ हे ‘सप्लाय टू’सारखे. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण तो ध्यानात आला की चुकांचा मोठा भाग आपोआप नाहीसा होतो.

फर्निशचा दुसरा उपयोग औपचारिक पत्रव्यवहारात, पुरावा किंवा तपशील सादर करण्यासाठी होतो. साध्या मजकुरात तिथे ‘गिव्ह’ पुरते. ‘वेल अपॉइंटेड’ खोलीचा नेमणुकीशी संबंध नसून, ती उत्तम सोयींनी युक्त आहे एवढाच त्याचा अर्थ. रिगबाबत सावध राहावे: ‘रिग अप’ म्हणजे हाताशी असेल त्यातून तात्पुरती जुळणी करणे, पण निवडणूक ‘रिग’ केली म्हणजे तिच्यात लबाडी केली. जुन्या यंत्राला नंतर नवा भाग बसवला तर रेट्रोफिट म्हणावे.

भूतकाळात इक्विपचा ‘पी’ दोनदा लिहावा लागतो, इक्विपमेंटमध्ये तो एकदाच येतो. इक्विपमेंट आणि फर्निचर यांची अनेकवचने होत नाहीत. मोजायचेच असेल तर ‘थ्री पीसेस ऑफ इक्विपमेंट’ असे लिहावे. सप्लाइज हे अनेकवचन मात्र बरोबर आहे, पण त्याचा अर्थ निराळा. रुग्णालयाच्या यादीत कापूस, पट्ट्या आणि सुया सप्लाइजखाली येतात, कारण त्या वापरून संपतात. वर्षानुवर्षे वापरात राहणारा व्हेंटिलेटर इक्विपमेंटखाली येतो.