विहिरींचा शालेय अभ्यास आणि अनेक शास्त्रांचे मार्गदर्शक : या चुका टाळा

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ साली सुरू झाल्यापासून १० ते १७ वर्षे वयाची मुले आपल्या परिसरातील प्रश्नांवर प्रकल्प करू लागली आणि महाराष्ट्रातील खेड्यांत त्यासाठी साहजिकच विहीर हा आवडीचा विषय ठरला. अलीकडे अशा प्रकल्पांना भूवैज्ञानिक, रसायनशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्राचे अभ्यासक एकत्र येऊन मार्गदर्शन करतात, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु या तज्ज्ञांनी आपापसांत जे ठरवायला हवे ते न ठरवताच मुलांना कामाला लावले जाते आणि मोठ्यांमधील न मिटलेला घोळ मुलांच्या वहीत उतरतो. बहुतेक प्रकल्प याच एका कारणाने बिघडतात.

मोजमाप कोठून करायचे, हे न ठरवणे

विहिरीची पाणीपातळी मोजणे दिसायला सोपे आहे. टेपच्या टोकाला वजन बांधायचे, ते खाली सोडायचे आणि पाण्याला टेकले की आकडा वाचायचा. प्रश्न इतकाच की हा आकडा कठड्याच्या वरच्या कडेपासून वाचायचा की जमिनीपासून. भूवैज्ञानिकाला जमिनीपासूनची खोली हवी असते, कारण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी तशाच ठेवलेल्या असतात आणि त्यांच्याशी तुलना करायची असते. पाणी भरण्याच्या श्रमांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र दोर किती सोडावा लागतो हे हवे असते, म्हणून तो कठड्यापासून मोजायला सांगतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे आणि म्हणूनच ते आधी एकत्र बसून मिटवावे लागते.

एका अवर्षणप्रवण तालुक्यातील तीन शाळांच्या संयुक्त प्रकल्पात हे मिटवले गेले नाही. एका शाळेतील मुले कठड्यापासून मोजत होती, दुसरीतील जमिनीपासून, आणि तिसऱ्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर गट बदलला तशी पद्धतही बदलली. उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यानंतरच्या नोंदी जुळवून आलेख काढला, तेव्हा चांगला पाऊस होऊनही एका वाडीतील पातळी जेमतेम हलल्याचे दिसले. यावर मार्गदर्शकांची गंभीर चर्चा झाली. कोणी उसासाठी होणाऱ्या उपशाकडे बोट दाखवले, तर कोणी मुरुमाखालच्या काळ्या पाषाणात पाणी मुरायला वावच नाही, असे सांगितले. मुलांनी दोन्ही कारणे सुवाच्य अक्षरांत तक्त्यावर लिहिली. अखेरीस आठवीतील एका मुलीने विचारले, ‘सर, कठड्याची उंची यात धरायची होती का?’ तेव्हा सर्वांच्या लक्षात आले की कठड्यांची उंची कोणीच नोंदवलेली नाही. ती नंतर मोजता आली असती, परंतु मधल्या काळात त्यांतील काही विहिरींची डागडुजी होऊन कठडे वाढवले गेले होते. त्या विहिरींच्या नोंदी वगळाव्या लागल्या आणि मुलांचे एका हंगामाचे काम वाया गेले. उन्हातान्हात फिरून मुलांनी केलेले काम मोठ्यांच्या निष्काळजीपणामुळे रद्द व्हावे, याचा मला आजही मनापासून संताप येतो.

माझी पद्धत अशी आहे. विहीरमालकाची परवानगी घेऊन कठड्यावर तैलरंगाने एक बाण काढावा आणि प्रत्येक वेळी त्याच खुणेपासून मोजावे. त्या खुणेची जमिनीपासूनची उंची नोंदपत्रकाच्या पहिल्याच रकान्यात लिहावी आणि वजाबाकी शाळेत परतल्यावर सर्वांनी मिळून करावी. पंप बंद होऊन किती वेळ झाला, हेही विचारून लिहावे. शेतीपंपांची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते, त्यामुळे सकाळी आठची वेळ ठरवली तरी एका आठवड्यात पाणी स्थिरावलेले असते आणि पुढच्या आठवड्यात नुकताच उपसा थांबलेला असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदपत्रक मुलांच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक तज्ज्ञाने ते एका विहिरीवर स्वतः भरून पाहावे. वेळ नाही, असे सांगणाऱ्या तज्ज्ञाला मी त्या प्रकल्पात घेत नाही, मग त्यांचे पद कितीही मोठे असो.

दोन यंत्रे आणि दोन निवाडे

पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारे टीडीएस मीटर आता स्वस्त झाले आहेत आणि प्रत्येक विभाग आपापले मीटर घेऊन येतो. हे मीटर क्षार थेट मोजत नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका गुणकाने गुणून आकडा दाखवते. हा गुणक एका मीटरमध्ये ०.५ असतो, तर दुसऱ्यात ०.७. त्यामुळे १००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकता असलेले एकच पाणी एका मुलाला ५०० दाखवते आणि दुसऱ्याला ७००. मग मुले आपलेच काही चुकले असे समजून आकडा खोडतात. नोंदवहीत आकडा खोडण्याची सवय याच वयात लागते आणि ती पुढे सुटत नाही. म्हणून मीटरवर वाहकतेचाच आकडा वाचावा, सर्व मीटर एकाच प्रमाणित, म्हणजे वाहकता आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाने तपासावेत आणि गुणक कोणता धरायचा ते एकदाच ठरवावे.

याच आकड्यावरून निवाडे देण्याची घाई होते, तेव्हा अधिक नुकसान होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, तर दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तेव्हा २००० पर्यंत सूट आहे. रसायनशास्त्राचे मार्गदर्शक पहिला आकडा धरून विहिरीजवळच ‘हे पाणी अयोग्य’ म्हणतात आणि भूविज्ञानाचे मार्गदर्शक दुसरा धरून ‘चालेल’ म्हणतात. ज्यांच्या घरी तेच मचूळ पाणी पितात, ती मुले हे ऐकत असतात. शिवाय मीटरवरचा आकडा कमी आला म्हणजे पाणी निर्जंतुक आहे, असेही नव्हे. जंतू त्या यंत्राला दिसत नाहीत. नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत सूट नाही आणि तेही या मीटरवर वेगळे कळत नाही. माझ्या प्रकल्पांत विहिरीवर कोणीही निवाडा देत नाही. सर्व तज्ज्ञ संध्याकाळी एकत्र बसतात, सर्वांना मान्य असे एक विधान लिहितात आणि तेच दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितले जाते.

शून्य आणि रिकामी जागा

विहीर कोरडी असेल तर ‘कोरडी’ असे अक्षरांत लिहावे, मोजली नसेल तर ‘मोजली नाही’ असे लिहावे. शून्य लिहू नये आणि रकाना रिकामा सोडू नये.

मुलांचा प्रश्न बाजूला सारणे

काही तज्ज्ञ आपल्या चालू संशोधनाला लागणारी माहिती मुलांकडून गोळा करून घेतात आणि त्यालाच बालविज्ञान म्हणतात. हे मला मान्य नाही. शेजारच्या दोन विहिरींपैकी एकीचे पाणी गोड आणि दुसरीचे मचूळ का, असे मुलांनी विचारले तर प्रकल्प तेथूनच सुरू व्हावा. या एका प्रश्नात खडक, खत, गुरांचा गोठा, सांडपाणी आणि उपसा हे सगळे येते, म्हणजे प्रत्येक तज्ज्ञाला करण्यासारखे काम आहे.

नव्याने मार्गदर्शन करू लागलेल्या तरुण संशोधकांना पहिल्याच दिवशी मोबाइलवर भरायचे नोंदपत्रक आणि पातळी आपोआप नोंदवणारे संवेदक (सेन्सर) हवे असतात. ज्या मुलाने स्वतः टेप सोडून पातळी वाचलेली नाही, त्याला संवेदकाचा चुकीचा आकडा चुकीचा म्हणून ओळखता येणार नाही. म्हणून आधी कागद, पेन्सिल आणि टेप घ्यावा; पुढचे पुढच्या वर्षी पाहावे.

थोडक्यात काही गोष्टी

नमुन्याची बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने विसळून मगच भरावी आणि तिच्यावरील चिठ्ठी तेथेच लिहावी. मुलांना कठड्यावरून वाकू देऊ नये. टेप सोडताना एक मोठी व्यक्ती शेजारी उभी असलीच पाहिजे आणि पालकांची लेखी संमती आधीच घेतलेली असावी. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात कोणतीही फेरी ठेवू नये. तक्ता मुलांनीच लिहावा. मार्गदर्शकाने लिहून दिलेला तक्ता परीक्षकांना पहिल्याच प्रश्नात ओळखू येतो.

निष्कर्ष प्रथम विहीरमालकांना सांगावेत, नंतर ग्रामसभेत मांडावेत आणि त्यानंतरच स्पर्धेला पाठवावेत. मूळ वह्या शाळेत ठेवाव्यात आणि विद्यापीठात किंवा संस्थेत फक्त त्यांच्या प्रती न्याव्यात, कारण पुढच्या वर्षीचा आठवीचा वर्ग त्याच विहिरींवर जाणार असतो आणि त्याला मागील मे महिन्यातील पातळी पाहावी लागते.